लॅपटॉपची बॅटरी आणि प्रोसेसरचा वेग : एक हिशेब

बी. कॉम. द्वितीय वर्ष, हिंडलगा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने प्रोसेसर, व्होल्ट आणि वॅट यांविषयी लिहावे, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. हा विषय विज्ञान शाखेचा, आपला नव्हे, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. परंतु जेथे साधन मर्यादित असते, त्याचे उपयोग अनेक असतात आणि त्यांतून निवड करावी लागते, तेथे अर्थशास्त्र आलेच. लॅपटॉपची बॅटरी हे असेच एक मर्यादित साधन आहे. तिच्यात जमा किती, खर्च कोणत्या खात्यावर किती आणि तो कमी कसा करावा, हा शुद्ध हिशेबाचा प्रश्न आहे.

आमच्या हिंडलग्याचा पावसाळा मोठा. जून ते सप्टेंबर या काळात एकदा वीज गेली की ती केव्हा येईल याचा नेम नसतो. आमच्या घरी लॅपटॉप एकच. त्यावर मी टॅलीचा सराव आणि थोडेफार जमाखर्चाचे काम करतो, आणि माझी धाकटी बहीण द्वितीय पी. यू. सी. चा अभ्यास करते. लॅपटॉप जुना असल्याने पूर्ण भरलेली बॅटरी पावणेचार तास चालते. वीज नसलेल्या दिवशी माझे तीन तास झाले की तिच्या वाट्याला पाऊण तास उरतो. तिचा हा पाऊण तास वाढवता येईल काय, या प्रश्नातून मी या विषयाकडे वळलो. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. या विषयावरची बहुतेक माहिती इंग्रजीत आहे, आणि तीही अभियांत्रिकीच्या परिभाषेत. मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेल्या माझ्या वर्गमित्रांना ती सोपी करून सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वेग आणि व्होल्ट

प्रोसेसरला संगणकाचा मेंदू म्हणण्याची पद्धत आहे. माझ्या मते तो मेंदूपेक्षा कारकून अधिक आहे. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला तो हुकमाप्रमाणे काम पुढे सरकवतो. प्रोसेसरचा वेग एक गिगाहर्ट्झ आहे, याचा अर्थ त्याचे घड्याळ एका सेकंदात शंभर कोटी ठोके देते. प्रत्येक ठोक्याला आतील असंख्य सूक्ष्म कळा उघडतात व मिटतात, आणि प्रत्येक वेळी थोडी विद्युत् ऊर्जा खर्ची पडते.

हा खर्च दोन गोष्टींवर अवलंबून असतो. तो वेगाच्या प्रमाणात वाढतो, आणि व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट केला तर खर्चाचा दर दुप्पट होतो, पण व्होल्ट दुप्पट केले तर तो चौपट होतो. वॅट हा खर्चाचा दर आहे, आणि वॅट गुणिले वेळ म्हणजे एकूण खर्च, हा फरक वाचकांनी येथेच लक्षात घ्यावा. वॅट म्हणजे दररोजची उचल, आणि वॅट-तास म्हणजे खात्यातून गेलेली एकूण रक्कम.

आता एक गंमत पाहा. नुसता वेग निम्मा केला, तर दर निम्मा होतो. परंतु तेच काम करण्यास वेळ दुप्पट लागतो. म्हणजे त्या कामापुरती एकूण ऊर्जा तेवढीच लागली. दोन मजुरांनी एका दिवसात केलेले काम एका मजुराकडून दोन दिवसांत करून घेतले, तर मजुरीत बचत होत नाही. मग वेग कमी करून फायदा कोठे होतो? तो व्होल्टमध्ये होतो. वेग कमी असेल तर प्रोसेसर कमी व्होल्टवरही बिनचूक काम करू शकतो, आणि व्होल्टचा तर वर्ग होतो. हिंडलग्याहून कॅम्पापर्यंत सायकल संथपणे चालवली तर दम लागत नाही. तेच अंतर घाईने तोडले तर वेळ थोडाच वाचतो, पण श्रम मात्र फार होतात. येथेही तसेच आहे.

एक खरे उदाहरण घेऊ. इंटेल कंपनीने जानेवारी २००० मध्ये लॅपटॉपसाठीचा पेंटियम थ्री प्रोसेसर 'स्पीडस्टेप' या सोयीसह बाजारात आणला. त्यांतील ६०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर चार्जर लावलेला असताना १.६ व्होल्टवर पूर्ण वेगाने चाले, आणि बॅटरीवर आला की १.३५ व्होल्टवर ५०० मेगाहर्ट्झने चाले. वेग सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाला. वरील नियमाने खर्चाचा दर काढला तर तो मात्र सुमारे ४१ टक्क्यांनी कमी होतो. काम थोडे लांबले हे धरूनही तेवढ्याच कामाला लागणारी ऊर्जा सुमारे २९ टक्क्यांनी कमी होते. सहाव्या हिश्श्याचा वेग सोडून सव्वाचौथा नव्हे, तर जवळजवळ तिसरा हिस्सा ऊर्जा वाचवणारा हा व्यवहार कोणताही व्यापारी मान्य करील.

ही कल्पना आली कोठून

या कल्पनेची पद्धतशीर मांडणी १९९४ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात झाली. मार्क वायझर, ब्रेंट वेल्च, अ‍ॅलन डेमर्स आणि स्कॉट शेंकर यांनी असे दाखवले की, पूर्ण वेगाने काम उरकून मग रिकामे बसण्यापेक्षा, असलेल्या वेळात मावेल असा कमी वेग आणि कमी व्होल्ट ठेवले तर ऊर्जा वाचते. मात्र त्यासाठी पुढे किती काम येणार याचा अंदाज यंत्राला बांधता आला पाहिजे. येथपासून स्वयंचलनाचा प्रश्न सुरू होतो.

पहिल्या स्पीडस्टेपमध्ये वेग दोनच होते, आणि चार्जर काढला की खालचा वेग आपोआप येई. त्याच वर्षी ट्रान्समेटा कंपनीच्या 'क्रूसो' प्रोसेसरात 'लाँगरन' नावाची योजना आली. तिच्यात प्रोसेसर स्वतःच कामाचा भार पाहून वेग व व्होल्ट बदलत असे. ए. एम. डी. कंपनीचे 'पॉवरनाऊ' हेही २००० सालचेच. लिनक्स या कार्यप्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स त्या काळात ट्रान्समेटामध्येच नोकरीस होते.

वेग ठरवणारा कारभारी

वेग दर क्षणाला बदलायचा तर तो माणसाने बदलून भागणार नाही. लॅपटॉप वापरणाऱ्याला त्याची आठवणही राहणार नाही. म्हणून कार्यप्रणालीत त्यासाठी एक कारभारी नेमलेला असतो. लिनक्समध्ये त्याला 'गव्हर्नर' असे नाव आहे. या कारभाऱ्यांचे स्वभाव निरनिराळे आहेत, आणि ते समजून घेणे उद्बोधक आहे.

'परफॉर्मन्स' हा कारभारी सदैव वरचा वेग मागतो, तर 'पॉवरसेव्ह' हा मूळ पद्धतीत सदैव सर्वांत खालचा वेग ठेवतो. हे दोघे हट्टी होत. 'ऑनडिमांड' हा २००४ मध्ये लिनक्सच्या २.६.९ या आवृत्तीबरोबर आला. इंटेलमधील वेंकटेश पल्लिपाडी हे त्याच्या कर्त्यांपैकी एक. हा कारभारी ठराविक अल्प कालावधीने प्रोसेसर किती टक्के व्यग्र होता हे पाहतो. व्यग्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की तो एकदम सर्वांत वरचा वेग देतो, आणि काम ओसरले की वेग उतरवतो. 'कॉन्झर्व्हेटिव्ह' हा त्याचा सावध भाऊ. त्याच्याकडे दोन पातळ्या असतात. व्यग्रता ८० टक्क्यांच्या वर गेली तर वेग एक पायरी वर, २० टक्क्यांच्या खाली आली तर एक पायरी खाली, आणि मधल्या टप्प्यात काहीच बदल नाही. प्रत्येक पायरी सर्वोच्च वेगाच्या ५ टक्क्यांची.

दोन पातळ्या कशासाठी, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्यास वेगळे सांगावे लागू नये. भांडारातील मालासाठी आपण पुनर्मागणी पातळी आणि कमाल पातळी अशा दोन वेगळ्या पातळ्या ठरवतो. दोन्हींसाठी एकच आकडा ठेवला तर भांडारपाल सकाळी माल मागवील आणि दुपारी परत पाठवील. प्रोसेसरचेही तसेच. पातळी एकच असेल तर वेग सारखा वरखाली होत राहील.

२०१६ मध्ये लिनक्सच्या ४.७ या आवृत्तीत 'शेडयुटिल' हा नवा कारभारी आला. तो स्वतः मोजणी करीत बसत नाही. कोणते काम केव्हा प्रोसेसरला द्यावे हे ठरवणाऱ्या विभागाकडे कामाच्या भाराची नोंद असतेच. ती घेऊन तो गरजेच्या सव्वापट वेग देतो. हा जो पाव भाग वर दिला जातो, तो आकस्मिक खर्चाची तरतूद समजावा. २०१५ च्या 'स्कायलेक' पिढीपासून इंटेलने 'स्पीड शिफ्ट' ही सोय आणली. तीत वेगाचा निर्णय प्रोसेसर स्वतःच घेतो, आणि कार्यप्रणाली त्याला बचत हवी की तडफ, एवढाच कल कळवते. म्हणजे मालकाने धोरण सांगावे आणि रोजचा व्यवहार कारभाऱ्याने पाहावा, अशी ही वाटचाल आहे.

सावकाश की झटपट?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. बॅटरी पुरवायची असेल तर वेग कायमचा सर्वांत खाली बांधून टाकावा, असा सल्ला अनेक जण देतात. आपल्या भागातील रस्त्यांवर कन्नडमध्ये 'निधानवे प्रधान' अशी पाटी दिसते. कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाशपणा. तोच श्रेष्ठ, असा त्या पाटीचा अर्थ. वाहनचालकाला तो सल्ला सर्वस्वी योग्य आहे. प्रोसेसरच्या बाबतीत मात्र तो निम्माच खरा ठरतो, आणि त्याचे कारण आपल्या परिव्यय लेखांकनाच्या पुस्तकात आहे.

लॅपटॉपचा खर्च दोन प्रकारचा असतो. प्रोसेसरच्या कामावर होणारा तो बदलता खर्च. पडदा, स्मृती, वायफाय आणि प्रोसेसरमधून काम नसतानाही झिरपणारी वीज हा स्थिर खर्च. तो कामाच्या नव्हे तर वेळेच्या प्रमाणात वाढतो. काम लांबवले तर बदलता खर्च घटतो खरा, पण स्थिर खर्चाचे मीटर तेवढा जास्त वेळ चालू राहते.

एक काल्पनिक उदाहरण सोडवून पाहू. समजा, एका कामास पूर्ण वेगाने ६० सेकंद लागतात. तेव्हा प्रोसेसर १.२ व्होल्टवर १२ वॅट घेतो. निम्म्या वेगाला ०.९ व्होल्ट पुरतात. त्याहून कमी व्होल्टवर तो चालूच शकत नाही, म्हणून पाव वेगालाही ०.९ व्होल्टच लागतात. स्थिर खर्च ४ वॅट धरू, आणि काम संपताच लॅपटॉप झोपी जातो असे मानू. ऊर्जा ज्यूलमध्ये, म्हणजे वॅट गुणिले सेकंद या मापात, अशी येते :

पूर्ण वेग, ६० सेकंद : बदलता खर्च ७२०, स्थिर खर्च २४०, एकूण ९६०.

निम्मा वेग, १२० सेकंद : बदलता खर्च ४०५, स्थिर खर्च ४८०, एकूण ८८५.

पाव वेग, २४० सेकंद : बदलता खर्च ४०५, स्थिर खर्च ९६०, एकूण १,३६५.

सर्वांत स्वस्त वेग मधला निघाला. पाव वेग तर पूर्ण वेगापेक्षाही महाग पडला. कारण व्होल्ट आणखी उतरेनासे झाले की बदलता खर्च तेथेच थांबतो, आणि स्थिर खर्च मात्र वाढत जातो. सरासरी खर्चाचा जो वक्र आपण फळ्यावर नेहमी काढतो, आधी उतरणारा आणि मग चढणारा, तोच हा वक्र होय.

यावर कोणी म्हणेल की, मी वाचत बसलो असताना पडदा चालूच असतो, तो काही झोपत नाही. हे खरे आहे. समजा, पडदा चार मिनिटे चालूच राहणार आहे. मग तिन्ही वेगांना स्थिर खर्च ९६० पडेल, आणि एकूण खर्च अनुक्रमे १,६८०, १,३६५ आणि १,३६५ होईल. म्हणजे तेव्हाही पाव वेगाने निम्म्या वेगापेक्षा एक पैशाचीही बचत केली नाही. काम करणाऱ्याला मात्र दुप्पट वेळ ताटकळत ठेवले. वेग अगदी तळाला बांधून ठेवण्याचा फायदा कोठेच दिसत नाही. म्हणूनच भार पाहून वेग वरखाली करणारा, आणि काम नसताना प्रोसेसरला झोपू देणारा कारभारी अधिक श्रेयस्कर.

प्रत्यक्ष उपाय

पहिली गोष्ट म्हणजे शिल्लक तपासणे. विंडोजमध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून इंग्रजी अक्षरांत 'पॉवरसीएफजी' हा शब्द, त्यानंतर जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' हा शब्द लिहावा. बॅटरी नवी असताना तिची क्षमता किती होती आणि आता ती किती भरते, हे दोन्ही आकडे त्या अहवालात मिळतात.

दुसरी गोष्ट म्हणजे नियम लावून देणे. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये 'पॉवर अँड बॅटरी' या सदरात बचत, समतोल आणि तडफ असे तीन प्रकार आहेत. जुन्या 'कंट्रोल पॅनेल'मधील पॉवर प्लॅनमध्ये बॅटरीवर असताना आणि चार्जर असताना असे दोन वेगळे रकाने असतात. तेथे बॅटरीच्या रकान्यात प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली, तर बहुतेक प्रोसेसरांत 'टर्बो' म्हणजे नेहमीच्या वेगापलीकडची उडी बंद होते. ही उडी चढ्या व्होल्टवर घेतली जात असल्याने तीच सर्वांत महाग असते. काही लॅपटॉपांत हा रकाना दिसत नाही. तेथे बचतीचा प्रकार निवडावा. चार्जर काढला की नियम आपोआप लागू होतात, आणि लावला की आपोआप उठतात. बँकेला एकदा स्थायी सूचना देऊन ठेवली की दर महिन्याला हप्त्याची आठवण ठेवावी लागत नाही, तसेच हे आहे.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी 'पॉवर प्रोफाइल्स डेमन', 'टी. एल. पी.' आणि 'ऑटो सीपीयू फ्रेक' ही मोफत साधने हेच काम करतात. त्यांपैकी एकच वापरावे. एका गादीवर दोन कारभारी बसवले तर एकाचा हुकूम दुसरा मोडतो.

घरचे अंदाजपत्रक

आता आमच्या घरचा हिशेब मांडतो. अहवालाप्रमाणे आमची बॅटरी नवी असताना ४१ वॅट-तासांची होती. आता ती ३० वॅट-तास भरते. ती पावणेचार तास चालते, म्हणजे सरासरी खर्च ८ वॅट. त्यांतील प्रोसेसरचा वाटा २ वॅट धरू. नियम लावून तो ४० टक्क्यांनी कमी झाला असे मानले, तर एकूण खर्च ७.२ वॅट होतो आणि बॅटरी ४ तास १० मिनिटे चालते. पंचवीस मिनिटे मिळाली. येथे एक धडा मिळतो. प्रोसेसरच्या खर्चात ४० टक्के कपात झाली तरी एकूण खर्च दहा टक्केच घटला, कारण ज्या खात्याचा वाटाच चौथा हिस्सा, त्यातून किती वाचणार? म्हणून पडद्याचा उजेड कमी करून आणखी १ वॅट वाचवला. खर्च ६.२ वॅटवर आला, आणि वेळ सुमारे ४ तास ५० मिनिटे झाली.

नवी बॅटरी आणून जुन्याच सवयी ठेवल्या असत्या, तर ४१ वॅट-तासांत सुमारे ५ तास ७ मिनिटे मिळाली असती. म्हणजे पैसे मोजून ८२ मिनिटे, आणि एक रुपयाही न खर्चता ६५ मिनिटे. निर्णय उघड आहे. आधी बिनखर्ची उपाय, आणि ते अपुरे पडले तर मग बॅटरी. नव्या बॅटरीलाही हेच नियम लावले तर ती साडेसहा तासांवर जाईल, हा त्यातला पुढचा लाभ.

हे झाले अंदाजपत्रक. प्रत्यक्ष जमाखर्चात गेल्या पावसाळ्यात लॅपटॉप साडेचार तासांच्या आसपास चालला. अंदाजापेक्षा वीस मिनिटे कमी. बहीण व्याख्यानांची चलचित्रे पाहते, आणि तेव्हा प्रोसेसर व वायफाय दोन्ही अधिक राबतात. बराचसा फरक त्यानेच पडला असावा. तरीही तिच्या वाट्याचा पाऊण तास आता दीड तास झाला आहे. दीड तासात हिशेबशास्त्राचे एक मोठे उदाहरण पडताळ्यासह पुरे होते. पाऊण तासात ते अर्ध्यावर राहत असे.

समारोप

बॅटरी रसायनांची बनलेली असते आणि ती वापराने झिजतेच. कोणताही नियम ती झीज भरून काढू शकत नाही. ज्याचे काम सतत भारी आहे, त्यालाही या उपायांचा लाभ थोडाच होईल. या मर्यादा मान्य करूनही तात्पर्य असे की, काटकसर म्हणजे सर्व काही कमीत कमी करणे नव्हे. कोणत्या खात्यावर किती खर्च होतो हे मोजणे, कोठे कमी केल्याने खरी बचत होते हे ओळखणे, आणि तो नियम एकदा नीट लावून देणे म्हणजे काटकसर. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण लहानपणापासून ऐकतो; पण त्याआधी अंथरूण मोजावे लागते. माझ्या वर्गमित्रांनी आणि भगिनींनी आपापल्या लॅपटॉपचा अहवाल एकदा काढून पाहावा, आणि ज्यांच्या घरी तो एकट्याचा नाही त्यांनी तर अवश्य पाहावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.